मधल्या फळीतला माणूस

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘विद्यार्थी आणि क्रीडा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार आहे, तेव्हा जे आज या मंडपात नाहीत त्या वाचकांनाही मी समोर बसलेले धरूनच बोलतो.

गेल्या पावसाळ्यात एक पालक शाळेत आले. मुलगा नववीत, संध्याकाळी मैदानावरून हलत नाही, ही तक्रार. ते म्हणाले, “मास्टरसाब, गेंद के पीछे भागके रोटी मिलती क्या?” मी त्यावेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र खरा होता. ज्या घरात एका पगारावर सात माणसे जेवतात, त्या घराने असा प्रश्न विचारू नये तर कोणी विचारावा? आज त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यावरून देण्याचा प्रयत्न करतो. हा माणूस फार मोठा खेळाडू नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला निवडण्याचे कारणही तेच आहे.

आपल्या जिल्ह्यात खेळ म्हटला की क्रिकेट. जालन्याचा विजय झोल २०१४ साली १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते खालिद जमील फुटबॉलचे, आणि फुटबॉलमध्येही मधल्या फळीचे. ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढची फळी गोल करते आणि टाळ्या घेते. मागची फळी गोल अडवते, चुकली तर शिव्या खाते. मधल्या फळीने मागून चेंडू घ्यायचा आणि पुढे नेऊन द्यायचा, नव्वद मिनिटे वर-खाली धावायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बहुधा आपले नाव शोधू नये.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये, भारतीय आईवडिलांच्या पोटी झाला. फ्रान्सचा प्लॅटिनी हा त्यांचा लहानपणीचा आदर्श. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर स्वारी केली आणि लाखाहून अधिक भारतीयांना चालते घर, चालता धंदा सोडून मायदेशी परतावे लागले. एअर इंडियाच्या विमानांनी तेव्हा जी ने-आण केली ती जगाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. आपल्या मराठवाड्यातलीही कितीतरी माणसे आखातात राबतात, त्यांना त्या दिवसांची कल्पना वेगळी देण्याची गरज नाही. त्याच आखाती युद्धाच्या काळात जमील कुटुंब भारतात आले आणि खालिद मुंबईत फुटबॉल खेळू लागले.

१९९७ च्या सुमारास ते महिंद्र युनायटेडमध्ये आले. नंतर एअर इंडियाच्या संघात गेले, आणि २००२ साली पुन्हा महिंद्रकडे. भारताचा गणवेशही त्यांनी अंगावर घातला. याच काळात कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन बलाढ्य क्लबांकडून त्यांना बोलावणे आले होते. फुटबॉलपटूला याहून मोठे आमंत्रण त्यावेळी देशात नव्हते. परंतु दोन्ही क्लबांच्या नावापुढे मद्याच्या कंपन्यांची नावे लागलेली होती, म्हणून त्यांनी नकार दिला, असे वृत्तपत्रांतून आले आहे. पुढे प्रशिक्षक म्हणून ते या दोन्ही क्लबांत गेले. त्यावर मी निवाडा देणार नाही. पण ऐन उमेदीच्या वयात एवढा पैसा आणि एवढे नाव बाजूला सारणे सोपे नाही, हे आपण ज्येष्ठ मंडळी जाणताच.

मग दुखापतींनी गाठले. २००७ साली मुंबई एफ.सी. हा नवा क्लब निघाला आणि ते त्यात दाखल झाले. परंतु शरीर साथ देईना, आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खेळणे थांबले. ज्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली तो संघसुद्धा २०१० मध्ये कंपनीने बंद करून टाकला. आमच्या त्या पालकांचा प्रश्न इथे येऊन उभा राहतो: आता रोटी कुठून?

मुंबई एफ.सी.चे पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्लंडचे. तिकडे फुटबॉलच्या एकाखाली एक अशा श्रेण्या आहेत. बूथ हे बार्न्सले आणि ग्रिम्सबी टाऊन अशा लहान गावांच्या संघांतून, बहुतेक खालच्या श्रेण्यांत खेळलेले गृहस्थ. वरच्या श्रेणीचा झगमगाट नशिबी नसला तरी खेळाची विद्या त्यांनी गाठीशी बांधली आणि ती देशोदेशी शिकवली. त्यांच्या पाठोपाठ मुंबईच्या संघाची सूत्रे खालिद जमील यांच्या हाती आली.

प्रशिक्षक होणे म्हणजे शिटी गळ्यात अडकवणे नव्हे. आम्हाला जसे बी.ए. नंतर बी.एड. करावे लागते तशा तिथेही पायऱ्या आहेत, आणि आशियाई महासंघाची सर्वांत वरची ‘प्रो’ परवान्याची पायरी जमील यांनी गाठली. म्हणजे पाय थकल्यावर या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. खेळणाऱ्या मुलांनी हे वाक्य जरा दोनदा ऐकावे.

सुमारे सात वर्षे त्यांनी मुंबईचा संघ सांभाळला. पैसा थोडा. कुपरेजच्या मैदानाचे काम चालू असताना घरचे सामने पुण्याला जाऊन खेळण्याची पाळी. चषक एकही नाही. पण शेवटच्या क्रमांकावर घसरून खालच्या श्रेणीत जाण्याची नामुष्की त्यांनी एकदाही येऊ दिली नाही. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत अवघड काम. ते गेले, आणि २०१६-१७ च्या पहिल्याच हंगामात मुंबईचा संघ खाली घसरला.

त्याच हंगामात ते मिझोरमच्या ऐझॉल संघाकडे होते. हा संघ आदल्या वर्षी खाली गेलेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धा सोडली म्हणून त्याला परत घेण्यात आले. जमील यांनी मुंबईहून आशुतोष मेहता, जयेश राणे असे आपले जुने खेळाडू बरोबर नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ऐझॉल आय-लीगचे विजेते ठरले. गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पुढचे झटपट सांगतो. कोलकात्यात बसू दिले नाही फार काळ. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना कायम मुख्य प्रशिक्षक केले. इंडियन सुपर लीगमध्ये हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. तो हंगाम वाईट गेला. मग तिसऱ्या श्रेणीतल्या बंगळूरच्या एका संघाला शिकवण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. तेथून जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद. लगेच सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला.

इथेच थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशाकडूनही हार. टीका झाली, ती व्हायचीच. मुलांना मी हे निकालही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो, कारण नुसता ऐझॉलचा विजय ऐकवला तर ती फसवणूक ठरेल.

तर त्या पालकांना माझे उत्तर असे की, खालिद जमील यांना पायांनी बत्तिसाव्या वर्षापर्यंत रोटी दिली, आणि त्यापुढे शिकण्याने दिली. तुमचा मुलगा खालिद जमील होईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. नववी सोडून गॅरेजवर गेला तर काय होईल, ते मात्र मी दरवर्षी पाहतो. माझ्या वर्गातले जे मैदानासाठी शाळेत येतात, ते निदान शाळेत येतात.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक सूचना करतो. शाळा सुटल्यावर पाच ते सहा मैदान उघडे राहील. दहावीच्या मुलांना सराव परीक्षेपर्यंत फक्त शुक्रवार आणि शनिवार. मगरिबच्या अजानपूर्वी खेळ बंद होईल, म्हणजे घरी उशीर झाल्याची सबब कोणाला सांगता येणार नाही. मुलींसाठी सकाळची वेळ वेगळी ठेवली आहे आणि तेव्हा शिक्षिका हजर असतील. चेंडू सध्या दोन आहेत, त्यांतला एक शिवलेला.