जपमाळ आणि तिच्यामागील चिंतन

गोमंतकांतील ख्रिस्ती घरांतून सायंकाळीं जी सामुदायिक प्रार्थना होते तिला ‘तेर्स’ म्हणतात. शब्द मूळ पोर्तुगीज. अर्थ ‘तिसरा हिस्सा’. हा हिस्सा कशाचा, हें समजून घेतलें म्हणजे रोमन कॅथलिक जपमाळेचें कूळ सांपडतें. मध्ययुगीन युरोपांत मठवासी साधू बायबलांतील दीडशें स्तोत्रें म्हणत. ज्याला लॅटिन वाचतां येत नसे त्या सामान्य माणसानें त्यांऐवजीं एखादी सोपी प्रार्थना तितक्याच वेळां म्हणावी आणि मोजणी चुकूं नये म्हणून मणी ओढावे, असा परिपाठ पडला. दीडशेंची तिसरी वांटणी पन्नास, आणि पन्नासांचा फेरा तो तेर्स. म्हणजे जपमाळ ही निरक्षरांची स्तोत्रसंहिताच होय. जन्मभर मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलेल्या माझ्यासारख्या पंतोजीला हें मोठें विलक्षण वाटतें.

माळेंत एकंदर ५९ मणी. त्यांत ६ मोठे व ५३ लहान. मोठ्या मण्यावर येशूनें शिष्यांना शिकविलेली प्रार्थना, पुढील दहा लहान मण्यांवर मरियेचें वंदन आणि शेवटीं त्रैक्याचा गौरव, असें एक दशक होतें. अशीं पांच दशकें म्हणजे एक फेरा. मरियावंदनाचा पूर्वार्ध लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांतून घेतलेला आहे. देवदूताचें अभिवादन आणि एलिझाबेथ हिनें दिलेला आशीर्वाद त्यांत येतात. उत्तरार्ध ही चर्चची विनवणी. तिचें रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथानें कायम केलें. दोहोंच्या सांध्यावर येशूचें नांव येतें. मरियेची पूजा करून देवाला बाजूस सारतात, असा आक्षेप घेणाऱ्यांनीं हा सांधा पाहावा. तिच्याजवळ मागणें आहे तें एवढेंच, कीं तिनें आमच्यासाठीं देवाजवळ रदबदली करावी.

परंतु सुशिक्षितांचा खरा आक्षेप निराळा आहे. तेंच तेंच पन्नास वेळां घोकण्यांत कसली भक्ति? प्रार्थनेंत व्यर्थ बडबड करूं नये असें खुद्द येशूनें बजावलें आहे, हेंही पुढें केलें जातें. तथापि अटकेच्या रात्रीं, गेथशेमानेच्या बागेंत, त्यानेंच तिसऱ्या वेळींही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली असें मत्तय लिहितो. आणि १३६ व्या स्तोत्रांत एकच पालुपद २६ वेळां आलेलें आहे. दोष पुनरुक्तींतच असता तर येशूनें ती केली नसती.

जपमाळेंत ओठ एक काम करतात व मन दुसरें. प्रत्येक दशकाला एक ‘रहस्य’ नेमून दिलेलें असतें, म्हणजे येशूच्या किंवा मरियेच्या चरित्रांतील एक प्रसंग. मंगळवारीं व शुक्रवारीं दुःखाचीं रहस्यें येतात: बागेंतील यातना, फटक्यांचा मार, कांट्यांचा मुकुट, क्रूस वाहणें आणि क्रूसावरील मरण. दहा वंदनें होईतों मनानें त्या एका प्रसंगापाशीं बसून राहावयाचें. तंबोऱ्याच्या तारा तोच सूर देत राहतात म्हणून कोणी गवयाला नांवें ठेवीत नाहीं. त्या सुरावर राग उभा राहतो. चिंतनावांचून जपमाळ म्हणजे प्राणावांचून देह, अशा आशयाचा इशारा पोप सहावे पॉल यांनीं १९७४ सालीं दिला होता. त्याची गरज होतीच, कारण चुलीवरील भाताकडे लक्ष ठेवून आगगाडीच्या वेगानें मणी सरकविणारींही घरें असतात. पाढे म्हणवून घेणाऱ्या मास्तराला ही चाल चटकन ओळखूं येते!

ही माळ संत डॉमिनिक यांस मरियेनें दिली अशी कथा आहे. इतिहाससंशोधक तिला आधार मानीत नाहींत. १५६९ सालीं पोप पांचवे पायस यांनीं या उपासनेला अधिकृत मान्यता दिली. दोन वर्षांनीं, ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं, लेपांटोच्या आरमारी युद्धांत तुर्कांचा पराभव झाला, आणि त्या विजयाच्या स्मरणांतून माळेचा सण निघाला. प्रार्थनेच्या सणाला लढाईचा दिवस चिकटावा हें मला तरी रुचत नाहीं. २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रकाशाचीं पांच रहस्यें जोडल्यानें पंधराचीं वीस झालीं. आतां पांच दशकें म्हणजे हिशेबानें चौथा हिस्सा. गोमंतकांतील आजीबाई मात्र तेर्सच म्हणतात, आणि तें ठीकच आहे.

या वंदनाचा उत्तरार्ध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मरियेनें आमच्यासाठीं प्रार्थना करावी ती दोन वेळीं: आतां, आणि आमच्या मरणाच्या घटकेला. एका फेऱ्यांत पन्नासांहून अधिक वेळां, लहान मुलांसह सारें कुटुंब, दिवेलागणीच्या नित्यकर्मांत स्वतःच्या मृत्यूचा उच्चार करतें. वसईकडील एका गांवीं माझ्या एका विद्यार्थ्याची आई वारली तेव्हां मी समाचाराला गेलों होतों. सांत्वनाचे शब्द वाटेंत जुळवून ठेवले होते. त्यांची तेथें कोणाला गरज नव्हती. शेजारच्या बायांनीं माळ सुरू केली होती, आणि तशीच एक माळ त्या माउलीच्या बोटांत गुंफलेली होती. बारा वर्षांचा तो पोर प्रथम नुसता पाहत होता. तिसऱ्या दशकाच्या सुमारास त्याचे ओठ हलूं लागले. पूर्वार्ध एकीनें म्हणावा व उत्तरार्ध सर्वांनीं, अशी रीत असते. मरणाच्या घटकेचे शब्द आले तेथें त्याचा आवाज अडला, बायांनीं तो पुढें नेला, आणि पुढच्या मण्याला तो पुन्हां त्यांच्यांत मिसळला.