क्षयजंतूच्या फेरफार-नोंदी

(शिरड शहापूर येथे शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



एखाद्या घरी क्षयाचा रुग्ण निघाला की गावात दोन प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात. रोग आणला कोणी? आणि औषध अर्धवट सोडले असेल ना? या प्रश्नांत चौकशी कमी आणि ठपका अधिक असतो. शास्त्र त्यांचे काय उत्तर देते, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली सारे क्षयजंतू सारखेच दिसतात. शिवाय हा जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. त्यामुळे आजचा आजार जुन्या संसर्गातून उफाळला की अलीकडे कोणाकडून लागला, हे खात्रीने सांगता येत नसे.

जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे आपण फेरफाराच्या नोंदींवरून ओळखतो. जंतूच्या डी.एन.ए.मध्येही पिढ्यान्‌पिढ्या असे बारीक फेरफार नोंदले जातात. ते वाचून जंतूंची कुळी ठरविणे म्हणजे रेणवीय वर्गीकरण. डी.एन.ए.चा एक विशिष्ट तुकडा जंतूत किती ठिकाणी व कोठे आहे, हे पाहण्याची पद्धत १९९३ मध्ये प्रमाणित झाली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९१-९२ मधील ४७३ रुग्णांचे जंतू असे तपासले, तेव्हा १९१ जणांचे जंतू दुसऱ्या कोणाच्या तरी जंतूशी जुळले. म्हणजे सुमारे एकतृतीयांश आजार अलीकडच्या संसर्गाचा होता. दक्षिण भारतातील अनेक जंतूंत मात्र तो तुकडा एकदाच आढळतो किंवा आढळतच नाही. म्हणून येथे अन्य पद्धतींचा आधार घ्यावा लागला.

१९९८ मध्ये क्षयजंतूची ४४ लाखांहून अधिक अक्षरांची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली. आता प्रत्येक रुग्णाच्या जंतूची संहिता वाचता येते. तीत सरासरी दोन वर्षांत एखादाच फेरफार होतो. दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपर्यंत फरक असतील तर अलीकडील संबंध संभवतो. बारापेक्षा अधिक असतील तर तो बहुधा नसतो.

आपल्या राज्यातील उदाहरण मुंबईचे आहे. तेथील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील १,८५२ जंतूंचा असा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १,०१६ जंतू दोन प्रमुख औषधांना दाद न देणारे होते. पैकी ७०३ जंतू फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांनाही जुमानत नव्हते, आणि या ७०३ पैकी जवळजवळ निम्मे अवघ्या तीन कुळींचे निघाले. मोठ्या रुग्णालयात अवघड रुग्ण अधिक येतात. म्हणून हे आकडे साऱ्या राज्याचे मानू नयेत. तथापि त्यांतील बोध स्पष्ट आहे. दाद न देणारा जंतू अर्धवट उपचारातून निपजतो हे खरे, पण पुढे तो तयार स्वरूपातच माणसाकडून माणसाकडे जातो. एकही गोळी न चुकविलेल्या माणसालाही तो गाठू शकतो. मग त्याच्यावर ठपका कशासाठी?

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जंतूंची नोंद दोन रुग्णांतील संबंध दाखविते. कोणाकडून कोणाला लागण झाली, हे ती नेहमीच सांगत नाही. आणि कोणाचा गुन्हा तर ती कधीच सांगत नाही.

आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आणि शहरांत मजुरीसाठी माणसे जातात व परततात. जंतूलाही तीच वाट मिळते. परतलेल्या माणसाकडे संशयाने न पाहता त्याचा दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला वेळीच तपासला जाईल, रुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी होईल, आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे आरंभीच कळेल, असे पाहिले पाहिजे. क्षयमुक्त पंचायतीचा उपक्रम २०२३ पासून सुरू आहे. त्यात रुग्ण कमी दिसावेत म्हणून तपासण्या टाळल्या, तर फसवणूक आपलीच होईल. न तपासलेला रुग्ण कागदावर नसतो, पण त्याचा जंतू शेजारच्या घरात आपली नोंद करीतच असतो.

शिक्षकांनी हे मुलांना सांगावे, पंचायतीने ग्रामसभेत मांडावे. साखळी तोडावयाची आहे ती जंतूची. रुग्णाशी असलेले आपले नाते तोडावयाचे नाही.