वस्तीचा स्वभाव कुंपणात मावत नाही

शहापूर-मुरबाडमध्ये हल्ली जमिनीशिवाय दुसरी गोष्ट निघत नाही. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. एकात्मिक टाऊनशिप म्हटली की किमान 40 हेक्टर, म्हणजे शंभर एकर. एवढ्यात दोन-चार पाडे सहज गिळले जातात.

अशा वेळी 'वस्तीचं वैशिष्ट्य जपा' असं सगळेच म्हणतात. शहरात भाड्याचं घर शोधताना हे वाक्य आपल्या वाट्याला वेगळ्या अर्थाने येतं: "आमच्या सोसायटीचं वातावरण जरा वेगळं आहे." त्यावर आपल्यातले काही म्हणतात, मग आपणही आपली वेगळी वसाहत काढू. शेजारच्या नेरळला अशीच 'हलाल' राहणीची जाहिरात झाली. सप्टेंबर 2025 मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारकडे अहवाल मागितला. गदारोळ करणारे एक सांगत नाहीत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका संस्थेचा, फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम वैध ठरवला होता. म्हणजे कायद्यात वाट आहे. तरी आपण तिकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 1992-93 नंतर कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली ती जीव मुठीत धरून. तो नाइलाज होता. त्याचं ब्रोशर काय छापायचं?

मग इथल्या गावाचा स्वभाव कशात आहे? ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी आणि आपण एकाच पाणंदीने जातो-येतो, त्यात. म्हशाच्या यात्रेत, विहिरीवर, कब्रस्तानाच्या आणि स्मशानाच्या वाटेवर. भातसा, तानसा याच तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट बघतात. त्यात टाऊनशिपच्या बोअरची भर.

मी सॉफ्टवेअरवाला. नकाशे बघणं माझ्या सवयीचं. उपग्रहाच्या चित्रात ही सगळी जागा नुसता माळ दिसते. वाट, झरा, गुरचरण दिसतात ते तलाठ्याकडच्या गावनकाशात आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात. तेही दरवेळी नाही. जी वाट कुणी कधी नोंदवलीच नाही, तिच्यावर पहिली भिंत पडते. म्हणून मोबाईल घेऊन चालत जा, वाटा नोंदवा, म्हाताऱ्यांना नावं विचारा. आपल्या मोहल्ल्याच्या तेवढ्या नोंदवून थांबू नका, कातकरवाडीच्याही नोंदवा.

वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कुणी अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वकिलाला विचारू, पुढच्या महिन्यात बघू, असं करत हे महिने निघून जातात. शिवाय शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायदा लागू आहे आणि विकास प्रकल्पासाठी भूसंपादन करण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. खासगी खरेदीला हा नियम लागत नाही, पण ग्रामसभेचा ठराव कागदावर असला की पुढच्या भांडणात तो उपयोगी पडतो. मशिदीच्या कमिटीत आपली पोरं हिरिरीने बोलतात. ग्रामसभेत मात्र मागे, दाराजवळ उभी राहतात. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते या आठवड्यात ग्रामसेवकाला विचारा.