मे महिन्यात पाणी कोण घालणार?

(नांदेड आणि लातूर येथील स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंधू-भगिनींनो, शाळांमध्ये आणि मोहल्ल्यांत बागकाम शिकवायला स्वयंसेवक हवेत, एवढ्या एका निरोपावर तुम्ही दोन्ही जिल्ह्यांतून आलात. नावनोंदणीच्या कागदावर मात्र बऱ्याच जणांनी 'वृक्षारोपण' असे लिहिले आहे. फरक तिथेच आहे. वृक्षारोपण एका सकाळी उरकते, फोटोही निघतो. बागकाम शिकवायला निदान एक वर्ष लागते, आणि त्या वर्षात एक मे महिना असतो.

आपल्याकडची शाळेची परसबाग मरते कशी ते सांगतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते. पाऊस असतो, उत्साह असतो, मुले वाफे करतात. दिवाळीनंतर मेथी-पालक छान येतो, खिचडीत पडतो. पुढे परीक्षा. मग सुट्टी लागते, फाटकाला कुलूप, शिपाई गावी. बेचाळीस अंशांच्या उन्हात आठ दिवसांत सगळे जळून जाते आणि जूनमध्ये मुले पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. सरकारची मनाई कुठेच नाही. केंद्राने 2019 मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; जागा नसेल तर कुंड्या, डबे, गच्ची चालेल असेही त्यात आहे. परवानगी आहे, बियाणेही मिळते. मे महिन्यातले हात तेवढे मिळत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे. मोठ्यांचा वर्ग आणि मुलांचा वर्ग असे दोन वेगळे उपक्रम करू नका. ज्या शाळेत मुलांना शिकवाल, तिच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतली दहा मोठी माणसे त्याच वाफ्यावर शिकली पाहिजेत. सुट्टीत फाटकाची किल्ली त्यांच्याकडे राहील. मुख्याध्यापकांशी हे जूनमध्येच बोलून, लिहून घ्या. एप्रिलमध्ये कोणी ऐकत नाही.

ही मोठी माणसे कोण? आपल्या वस्त्यांमध्ये अशा कितीतरी खाला, मावश्या आहेत ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, कापूस वेचला. त्यांना 'बागकाम शिकायला या' म्हणालो तर त्या हसतील, आणि बरोबरच हसतील. त्यांना बी किती खोल टाकायचे हे शिकवू नका. बादलीत माती किती भुसभुशीत लागते, गच्चीवर ओझे किती टाकावे, स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे, हे त्यांच्यासाठी नवे आहे. बाकीचे त्या मुलांना शिकवतील.

हे मी हवेत बोलत नाही. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आठवा. त्यानंतर घरे उभी करण्याच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या, आणि त्यातून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. पुढे दुष्काळात याच संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत एक साधी गोष्ट केली. बाईने घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन-उसाऐवजी आधी घरच्या ताटात येईल असे पिकवायचे: भाज्या, डाळी, ज्वारी. शिकलेली बाई शेजारच्या गावात जाऊन दुसरीला शिकवायची. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला 2016 मध्ये मिळाला. मला पुरस्कारापेक्षा तो 'मागून घ्यायचा' भाग मोठा वाटतो. आपल्या वस्तीतल्या बाईकडे मागायला एकरही नाही. पण गच्चीचा कोपरा आहे, आणि तोही घरात मागावाच लागतो.

आता मुलांकडे येऊ. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, नांदेडही आता शिकवण्यांचे शहर झाले आहे. त्यात वाईट काही नाही, आपली मुले डॉक्टर व्हावीत. पण वनस्पतींच्या कुळांची नावे पाठ असलेल्या मुलाला भेंडीचे फूल दाखवा आणि विचारा, हे आणखी कोणाकोणासारखे दिसते? भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद ही सगळी एकाच कुळातली. भेंडी आणि अंबाडीचे पिवळे फूल, आत गडद डोळा, शेजारी शेजारी धरले की पाचवीचे पोरही नाते ओळखते.

ही कल्पना परकीही नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करायला डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शिक्षणाचा पाया म्हणून त्या समितीने जे उद्योग सुचवले, त्यांत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळा-भाज्यांची बागही होती. झाकीर साहेबांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे तेव्हा आपला मराठवाडाही ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीतला. त्यांना गुलाबांचे वेड होते. चंदीगडच्या गुलाब उद्यानाला त्यांचे नाव आहे.

सगळ्यात अवघड विषय पाण्याचा. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. ज्या शहराने ते पाहिले, तिथे 'बाग करा' म्हणणाऱ्याने आधी हिशोब द्यायला हवा. तर हिशोब असा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण पाच लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटीच्या आसपास. मग उन्हाळ्यात दहा वाफे जगवायचा हट्ट कशाला? दोनच ठेवा. शेवगा, कढीपत्ता आणि बियाण्यासाठी राखलेली चार झाडे एवढे जगले तरी जूनची सुरुवात शून्यापासून होत नाही. उरलेली माती उघडी टाकू नका. लातूरकडे उसाचे पाचट आणि सोयाबीनचे भुसकट आहे, नांदेडला अर्धापूरकडची केळीची वाळलेली पाने आहेत. चार बोटे थर द्या.

शिवाय मस्जिदीत वुजूचे पाणी आहे. त्यात साबण नसतो, ते सरळ गटारात जाते. चाळीस नमाजींनी प्रत्येकी पाच लिटर वापरले तर एका वक्ताचे दोनशे लिटर होतात. एक नळी आणि एक टाकी एवढाच खर्च. पण आधी नळ बारीक करा. पैगंबर (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करत. बागेला पाणी मिळावे म्हणून कोणी नळ जास्त सोडू नये!

लावायचे काय, यावर फार वाद नको. जे घरात खाल्ले जाते तेच लावा. परदेशी ब्रोकोलीच्या मागे लागलेली बाग मी टिकलेली पाहिली नाही. अंबाडी लावा, चुका लावा. आपल्या घरांत अंबाडा-गोश्त होते, शेजारी अंबाडीची भाजी नि भाकरी होते, पाला तोच. दखनीतली कोथमीर आणि मराठीतली कोथिंबीर यांत तरी किती अंतर आहे? उर्दू शाळेच्या मुलांनी आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या मुलांनी बियाण्यांच्या पुड्यांवर दोन्ही नावे लिहावीत.

भेंडीसाठी 'परभणी क्रांती' घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचेच वाण आहे, पिवळ्या शिरांच्या रोगाला बरेच दाद देत नाही, आणि संकरित नसल्यामुळे त्याचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. दोन-तीन शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. बी राखणे हा मुलांचा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा धडा समजा. अडले तर नांदेडवाल्यांनी सगरोळीच्या, लातूरवाल्यांनी लातूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. ती त्यासाठीच आहेत.

स्वयंसेवकाने आठवड्याला एक तास द्यायचा, पण तोच वार आणि तीच वेळ. कुदळ मुलांच्या हातात राहू द्या, तुम्ही उभे राहून पाहा, कितीही वाकडा वाफा झाला तरी. फवारणीची औषधे शाळेत आणायची नाहीत. लातूरमध्ये 'ग्रीन लातूर वृक्ष टीम'चे लोक वर्षानुवर्षे सकाळी उठून झाडांना आळी करतात, पाणी घालतात. त्यांच्यासोबत दोन दिवस जाऊन या, मग ठरवा तुमचा वार कोणता.

आता कागद पुन्हा फिरवतो आहे. 'वृक्षारोपण' खोडून त्या जागी शाळेचे नाव, वार आणि वेळ लिहा. खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे: मे महिन्यात किल्ली कोणाकडे. ती आज भरता आली नाही तर घरी न्या, वस्तीत विचारा आणि मृगाच्या आधी आणून द्या.