चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २०२५च्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी किरकोळ फेरफार केले आहेत.)



मला सांगितलं होतं, “काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा.” मी म्हटलं, आठवणी सांगणारे माझ्याहून रसाळ लोक इथे आहेत. मी बँकेतला माणूस. मला एका चुकीचा हिशेब द्यायचा आहे. चूक माझी आहे आणि ती आपल्या ऑफिसातल्या संगणकाशी संबंधित आहे.

येत्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार मायक्रोसॉफ्ट काढून घेत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पडद्यावर तशी सूचना येते आणि आपण ‘नंतर’वर टिचकी मारून मोकळे होतो. मीही तेच करत होतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे आपल्या महिला मंडळाने मला विचारलं होतं. सोपं आहे. यंत्र म्हणजे आपली इमारत. तुमचे हिशेब, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप हे रहिवासी. आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मॅनेजिंग कमिटी! पाणी कोणाला किती, लिफ्ट कोणाला, गेटातून आत कोणाला घ्यायचं, हे सगळं तीच पाहते. सगळं सुरळीत असलं की तिची आठवण कोणी काढत नाही. (हशा)

आणि आधार संपणं म्हणजे? आपल्या लिफ्टची एएमसी संपली असं समजा. करार संपला म्हणून लिफ्ट दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ती वरखाली करतच राहते. पण उद्या दोर झिजला, तर बघायला कोणी येणार नाही. तसंच १५ ऑक्टोबरला तुमचा संगणक नेहमीसारखाच सुरू होईल. फक्त त्यात सापडणाऱ्या नव्या फटी कंपनी आपोआप बुजवून देणार नाही. आणि त्या फटी शोधणारे लोक मात्र सुट्टीवर जात नाहीत.

आता माझी चूक. ती सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं.

२०१४च्या ८ एप्रिलला विंडोज एक्सपीचा आधार संपला. तेव्हा आमच्या घरी एक्सपीचं यंत्र होतं. मी उत्साहाने एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, “विंडोज ७ टाकून द्या.” त्याने विचारलं, “काका, महत्त्वाचं काही आहे का?” मी म्हटलं, “सगळं डी ड्राइव्हला आहे, खुशाल फॉरमॅट मारा.” दीड तासात यंत्र नवं कोरं!

संध्याकाळी आमच्या हिने विचारलं, “माझ्या ओव्या कुठायत?” तिच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने दोन हिवाळे बसून टाइप केल्या होत्या. तोवर आई गेली होती. एक फाइल डी ड्राइव्हला होती, ती उघडली. पण त्या काळचा मराठी फॉन्ट युनिकोड नव्हता. फॉन्टच गेला, त्यामुळे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि स्वल्पविरामांची नुसती खिचडी. ती पुढे आठ महिन्यांनी, आपल्या बी विंगमधल्या एका मुलाने जुन्या सीडीतून फॉन्ट शोधून काढला तेव्हा वाचता आली. दुसरी फाइल तिने डेस्कटॉपवर ठेवली होती. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. ती कायमची गेली. चाळीसेक ओव्या होत्या. हिला त्यातल्या दहा-बारा आठवल्या. ही मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अशी वीज अंगावर पडली की माणूस ढगालाही भितो. मी ठरवून टाकलं, जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. इथपर्यंत ही माझी खाजगी गोष्ट होती. पण २०२१ साली मी आपल्या संस्थेचा खजिनदार होतो. ऑफिसातला संगणक २०१२चा, विंडोज ७ वर चालणारा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. आपल्या एका तरुण सदस्याने सभेत नवीन यंत्राचा ठराव मांडला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “चालतंय ना? मग सभासदांचे पैसे कशाला उधळायचे?” टाळ्या पडल्या. ठराव पडला. खर्च वाचवणाऱ्याला आपल्याकडे नेहमी टाळ्या पडतात.

यंदा मार्चमध्ये, नेमकी वर्षअखेर असताना, ऑफिसच्या मेलवर बिलाच्या नावाने एक फाइल आली. ती उघडली गेली. थोड्या वेळात हिशेबाच्या सगळ्या फाइलींना कुलूप, आणि पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी. जुन्या विंडोजमुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. अशी फाइल नव्या यंत्रावर उघडली तरी घात होऊ शकतो. पण पाच वर्षं डागडुजी न झालेल्या घरात चोर शिरला, तर घरमालकाने कुलपाच्या गुणवत्तेवर वाद घालू नये.

आपण वाचलो ते आपल्या अर्धवेळ अकाउंटंट बाईंमुळे. त्या दर पंधरवड्याला हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, सवय म्हणून. मधल्या दिवसांच्या नोंदी आम्ही दोघांनी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून पुन्हा भरल्या. चार रात्री लागल्या. त्या चार रात्री मी एकच विचार करत होतो. घरच्या यंत्राशी मी जुगार खेळलो, तर नुकसान माझं आणि हिचं. पण त्या ऑफिसच्या यंत्रात तुमच्या मेंटेनन्सचे हिशेब आहेत, आय आणि जे नमुन्यातली सभासदांची रजिस्टरं आहेत, पत्ते, फोन, वारसांची नावं आहेत. ते माझं नव्हतं. ते माझ्याकडे ठेव म्हणून होतं. आयुष्यभर ठेवी सांभाळलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

खरं म्हणजे हे सगळं बँकेने मला शिकवलं होतं. आमच्या शाखेत हाताने लिहायची लेजरं जाऊन यंत्रं आली, तेव्हा काही महिने दोन्हीकडे नोंदी केल्या. रोज संध्याकाळी दोन्ही बाकी जुळवायच्या. जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. त्याला आम्ही पॅरलल रन म्हणायचो. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या आणि डुप्लिकेट किल्ल्यांचा संच दुसऱ्या शाखेत. का? कारण कपाटाची किल्ली त्याच कपाटात ठेवून उपयोग नाही.

३१ डिसेंबर १९९९च्या रात्री मी शाखेत होतो. वर्षाचे दोनच आकडे साठवणारी यंत्रं ‘००’ पाहून गडबडतील, अशी भीती होती. बारा वाजले, काहीच झालं नाही. नंतर लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. पण काही झालं नाही, कारण आधी महिनोन्महिने ठिकठिकाणी माणसं खपली होती. वेळेवर केलेल्या कामाचं हे असंच असतं. ते दिसत नाही.

आणि उलट उदाहरण. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिली होती. बाधित यंत्रांमध्ये सर्वाधिक विंडोज ७ ची होती. म्हणजे आधार चालू होता, दुरुस्ती आलेली होती, फक्त कोणीतरी ‘नंतर’ म्हटलं होतं. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८मध्ये बँकांना बजावलं की आधार संपलेल्या प्रणालींवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने, जून २०१९पर्यंत बदला. एटीएम तोवर नोटा देतच होती. तरीही बदला म्हणाले. ‘चालतंय’ आणि ‘सुरक्षित आहे’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मी त्या एकाच खात्यावर टाकत होतो.

मग आता काय करायचं? मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. या यंत्रात असं काय आहे जे पुन्हा मिळणार नाही? ते कोणाचं आहे? आणि बदल फसला तर मागे येण्याची वाट आहे का? या तीन प्रश्नांवर आमच्या समोरच्या तीन यंत्रांची तीन उत्तरं आली.

पहिलं, माझ्या मुलाचा २०१९चा लॅपटॉप. विंडोज ११ ला काही अटी आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ठरावीक नवे प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सोय. टीपीएम म्हणजे यंत्रातली किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी समजा. कंपनीचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन यंत्र पात्र आहे की नाही ते सांगतं. त्याने आधी ‘नाही’ सांगितलं. नातवाने पाहिलं, तर तिजोरी होती, फक्त सेटिंगमध्ये बंद होती! चालू केली. अपग्रेड मोफत झालं. नाही पटलं तर पहिल्या दहा दिवसांत मागे जाता येतं. ते दहा दिवस म्हणजे आपला पॅरलल रन. प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, बँकेची साइट, सगळं त्याच दिवसांत तपासायचं.

दुसरं, माझं २०१६चं यंत्र. प्रोसेसर जुना, पात्र नाही. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे लोक आहेत, पण त्या यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. मग त्यात काय अर्थ? घरगुती यंत्रांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवल्या तर ती विनाशुल्क मिळते. मी ती घेणार आहे. एक वर्षाची मुदत मिळाली, म्हणजे कर्ज माफ झालं नाही, एवढं लक्षात ठेवून. वर्षानंतर त्यावर लिनक्स मिंट टाकायचा विचार आहे. ते मोफत असतं, आणि मला मेल, बातम्या आणि यूट्यूबवरची नाट्यगीतं एवढंच लागतं.

तिसरं, आपल्या ऑफिसचं यंत्र. २०१२चं. तिथे डागडुजी म्हणजे शिळ्या कढीला ऊत. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, त्यामुळे लिनक्सही नको. तिथे नवीन यंत्रच हवं. २०२१मध्ये जो ठराव मी पाडला, तोच ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. अनुमोदन त्याच तरुण सदस्याने द्यावं, अशी त्यांना जाहीर विनंती. (टाळ्या)

जाता जाता तीन गोष्टी, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींसाठी.

एक. बदलाआधी प्रती दोन ठेवा आणि त्यातली एक घराबाहेर. डुप्लिकेट किल्ली दुसऱ्या शाखेत, विसरू नका. आणि प्रत घेतली की ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेलं बंडल.

दोन. जुन्या फॉन्टमधलं मराठी असेल तर जुनं यंत्र चालू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि कागदावर छापूनही ठेवा. नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. तिची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा, संगणकात नव्हे.

तीन. “तुमचं विंडोज संपलं, आम्ही दुरुस्त करून देतो” असे फोन येतील. कंपनी असे फोन करत नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा.

शेवटचं सांगतो. परवा मी माझं जुनं यंत्र उपसायला बसलो. ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, “आधी डेस्कटॉप बघा.” अकरा वर्षांत या विषयावर ती बोललेलं हे पहिलं वाक्य. आम्ही मिळून डेस्कटॉप पाहिला. मग उरलेल्या ओव्या युनिकोडमध्ये केल्या, छापल्या, आणि एक प्रत मुलीकडे दुसऱ्या गावी पाठवली. जाताना ही म्हणाली, “आता करा काय करायचं ते.”

खंडेनवमीला आपण संगणकालाही हळदकुंकू वाहतो. यंदा ती १ ऑक्टोबरला आहे, मुदतीच्या तेरा दिवस आधी. फूल वाहण्याआधी डेस्कटॉप तेवढा बघून घ्या.

 गणपती बाप्पा मोरया!