हिमाची वाट पाहणारी माणसे

डिसेंबर महिना लागला म्हणजे आमच्या गोव्यातील ख्रिस्ती घरांतून आणि शाळांतून नाताळचा गोठा उभारण्याची धांदल सुरू होते. बांबूच्या कामट्या, वाळलेले गवत, मातीच्या मूर्ती, ताटलीत मुद्दाम रुजत घातलेले धान्याचे हिरवे अंकुर, ही सारी सामग्री आपल्या मातीतली असते. पण सगळे मांडून झाले की कोणीतरी कापसाची गुंडाळी आणतो आणि गोठ्याच्या छपरावर पांढरे पुंजके पसरतो. दोन वर्षांमागे असाच गोठा बांधत असता सातवीतील एका मुलाने कपाळावरचा घाम पुशीत मला विचारले, "सर, हा बर्फ कुठला?" मी मोठ्या विश्वासाने सांगून टाकले, "अरे, तिकडे विलायतेत नाताळला बर्फ पडतोच. त्याची ही आठवण."

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील स्विंडन या शहरी तो नोकरीनिमित्त राहतो. आमच्या गोव्यातील पुष्कळ कुटुंबे त्या शहरी जाऊन वसली आहेत. मी त्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, मला इकडे सात हिवाळे झाले. नाताळच्या दिवशी जमिनीवर बर्फ मी एकदाही पाहिला नाही. त्याची वाट पाहणारी माणसे मात्र पुष्कळ पाहिली, आणि आता मीही त्यांतलाच एक झालो आहे."

मास्तरांचे उत्तर चुकले होते, हे मी तेव्हाच मान्य केले. पण त्या चुकीमुळे या वाट पाहणाऱ्या माणसांविषयी मला कुतूहल उत्पन्न झाले. आज त्यांच्याविषयीच मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

रशियात किंवा कॅनडाच्या अंतर्भागात हिमाची वाट पाहावी लागत नाही. ते ठरल्या वेळी येते आणि वसंतापर्यंत मुक्काम ठोकून राहते. आपल्या गोव्यातही वाट पाहण्याचा प्रश्न नाही, कारण ते येणारच नाही. वाट पाहण्याची वेळ येते ती सीमेवरच्या देशांना, आणि ब्रिटन हा असा देश आहे. तो 50 ते 60 अक्षांशांच्या दरम्यान वसलेला आहे, म्हणजे हिशेबाने बराच उत्तरेस. पण पश्चिमेच्या अटलांटिक महासागरावरून येणारे वारे त्याला हिवाळ्यात ऊब देतात. उत्तरेकडून ध्रुवप्रदेशाचा वारा आला, किंवा पूर्वेकडून सैबेरियाचा वारा उत्तर समुद्र ओलांडून आला, तरच कडाका पडतो. हे वारे एकमेकांशी झुंजत असतात, आणि पुष्कळदा त्यांचा निकाल एका अंशाच्या फरकावर लागतो.

हा एक अंश काय करतो, ते थोडे समजून घेऊ. हिवाळ्यात ब्रिटनवर जो पाऊस पडतो त्यातील बराचसा वर ढगात असताना हिमच असतो. त्याचे स्फटिक खाली येऊ लागतात. वाटेत शून्य अंशाची पातळी ओलांडली की ते वितळू लागतात, आणि साधारणपणे तेथून आणखी 200 ते 300 मीटर खाली उतरेपर्यंत त्यांचे पाणी होते. म्हणजे ही पातळी जमिनीच्या अगदी जवळ असेल तर हिम पडेल. पाचशे मीटर वर असेल तर नुसता गारठवणारा पाऊस. सारा खेळ या शेवटच्या काही शे मीटरांत होतो.

यात आणखी एक गंमत आहे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. पडणारे हिम ही उष्णता भोवतालच्या हवेतूनच घेते, आणि त्यामुळे हवा गार होते. वारा मंद असेल आणि पाऊस जोरात असेल, तर तो स्वतःच्याच वितळण्याने हवा शून्यापर्यंत खाली आणतो आणि पाहता पाहता पावसाचे हिम होते. रिमझिम असेल तर एवढी थंडी त्याला उत्पन्न करता येत नाही. शिवाय हवा कोरडी असेल, तर थेंबांच्या बाष्पीभवनानेही ती गार होते. आपल्या घरातील मातीचा माठ ज्या नियमाने पाणी गार करतो, तोच हा नियम. म्हणून तिकडचे जाणते लोक एका तापमापकावर विसंबत नाहीत. त्याच्या शेजारी, फुग्याभोवती ओली मलमल गुंडाळलेला दुसरा तापमापक ठेवतात. हवा जितकी कोरडी, तितका हा दुसरा खाली उतरतो. पहिला दोन अंश दाखवीत असताना दुसरा शून्यावर असला, तर त्यांच्या आशा पल्लवित होतात.

ही हौशी मंडळी नकाशेही वाचतात. हवामानाच्या नकाशावर 1000 आणि 500 मिलिबार या दोन वायुभारांच्या पातळ्यांमधील थराची जाडी रेघांनी दाखवितात. थंड हवा आकसते, म्हणून थर जितका पातळ तितकी हवा थंड. त्यातील 5280 मीटरांची रेघ आपल्या गावाच्या दक्षिणेस सरकली की हिमाची शक्यता धरावयाची. शक्यता म्हणजे खात्री नव्हे, हे त्यांना पुरते ठाऊक असते. तरीही ती रेघ एक बोटभर कुठे सरकते, यावर त्यांची झोप अवलंबून असते.

माझ्या विद्यार्थ्याने एका जानेवारीतील रात्रीची हकीकत मला सांगितली. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या परसात पांढऱ्या झडपांची एक लाकडी पेटी आहे. तापमापकांना ऊन व पाऊस लागू नये, पण वारा मात्र खेळता राहावा, अशी तिची रचना असते. ही पेटी एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने योजिली. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे हे वडील. त्या रात्री पश्चिमेकडून पावसाचा पट्टा येत होता आणि शहरावर गार हवा बसलेली होती. हवामानखात्याने सांगितले होते की डोंगराळ भागात हिम पडेल, सखल भागात कदाचित पडेल. या 'कदाचित'साठी आजोबा रात्री अकरा वाजता ओव्हरकोट चढवून फाटकाशी उभे राहिले, आणि त्यांना सोबत म्हणून माझा विद्यार्थीही जाऊन उभा राहिला.

आकाशाकडे पाहून रात्री काही कळत नाही, म्हणून ही माणसे रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहतात. दिव्याच्या उजेडात पावसाचा थेंब सरळ, झरकन रेघ ओढून जातो. हिमाचा कण सावकाश, भरकटत, जणू काही जागा शोधीत उतरतो. साडेअकराला सरळ रेघा होत्या. बाराच्या सुमारास काही रेघा जाड व संथ झाल्या. "आता!" असे आजोबा हलकेच म्हणाले. दहा मिनिटे मोठे, ओले पुंजके पडले आणि फरशीला टेकताच विरघळले. मग पावसाचा जोर ओसरला, पुन्हा बारीक रेघा सुरू झाल्या, आणि खेळ संपला. सकाळी उठून पाहतात तो शहराच्या आग्नेयेस दिसणारी लिडिंग्टनची टेकडी माथ्यावर पांढरीशुभ्र! ती टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे 275 मीटर उंच. शहर तिच्याहून दीडशे-एक मीटर खाली. एवढ्या उंचीत साधारण एका अंशाचा फरक पडतो, आणि तोच एक अंश शहराला कमी पडला होता.

"मला वाटले, आजोबा खट्टू होतील," माझा विद्यार्थी म्हणाला. "पण ते पेटी उघडून दोन्ही तापमापक पाहून आले, वहीत आकडे लिहिले, आणि पुढे लिहिले : दहा मिनिटे ओले हिम, साचले नाही."

श्रोतेहो, या एका ओळीने माझ्यातला शिक्षक चमकला. आपल्या इच्छेविरुद्ध घडलेली गोष्ट तितक्याच निगुतीने नोंदविणे ही सोपी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये तिची मोठी परंपरा आहे. 1860 साली जॉर्ज सायमन्स याने पर्जन्यमापन करणाऱ्या हौशी माणसांची एक संघटना बांधली. पुढे तिचे हजारो निरीक्षक झाले, आणि त्यांत धर्मोपदेशक, डॉक्टर, शिक्षक असे सर्व प्रकारचे लोक होते. लिओ बोनासिना नावाच्या अभ्यासकाने 1876 पासूनच्या हिवाळ्यांची, कोणत्या वर्षी हिम थोडे, कोणत्या वर्षी बेताचे, कोणत्या वर्षी भरपूर, अशी वर्गवारी सिद्ध केली. गॉर्डन मॅन्ली याने जुन्या दैनंदिन्या व नोंदवह्या धुंडाळून मध्य इंग्लंडच्या तापमानाची 1659 पासूनची मासिक मालिका तयार केली. उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची इतकी लांब मालिका जगात दुसरी नाही. तिच्या मुळाशी अशाच अनेक परसांतील अनेक वह्या आहेत.

मग नाताळच्या हिमाचे काय? ब्रिटिश हवामानखात्याची व्याख्या ऐकून आपणांस हसू येईल. 25 डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कोठेही हिमाचा एक कण पडताना दिसला की तो 'पांढरा नाताळ'! यावर तेथे लोक पैजाही लावतात. पण चित्रांतल्याप्रमाणे जमीन पांढरी झालेली पाहावयाची म्हटली तर हिशेब फार निराळा होतो. 1960 नंतर देशातील चाळीस टक्क्यांहून अधिक केंद्रांवर नाताळच्या सकाळी जमिनीवर हिम साचलेले आढळले, असे केवळ 4 वेळा घडले : 1981, 1995, 2009 आणि 2010. यांपैकी 2010 साली तर 83 टक्के केंद्रांवर हिम होते. बाकीची सारी वर्षे चित्रांनीच साजरी केली. आमच्या कापसाचा आणि त्यांच्या शुभेच्छापत्रांचा मामला म्हणजे फारसा वेगळा नाही.

हिम हे नुसते कौतुक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 26 डिसेंबर 1962 रोजी पडू लागलेले हिम पुष्कळ ठिकाणी मार्चच्या आरंभापर्यंत हटले नाही. 1963 चा जानेवारी हा मध्य इंग्लंडमधील विसाव्या शतकातला सर्वांत थंड महिना ठरला. गावे तुटली, गुरेमेंढरे दगावली. वाट पाहणारे हे जाणतात. तरीही वाट पाहतात.

मात्र आता या वाट पाहण्याला एक वेगळी काळजी लागली आहे. 2010 च्या डिसेंबरात मध्य इंग्लंडचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली होते. पाचच वर्षांनी, 2015 च्या डिसेंबरात, ते साडेनऊ अंशांहून अधिक झाले. एक-दोन वर्षांवरून अनुमान काढू नये, हे खरे. परंतु 1961 ते 1990 या काळाच्या सरासरीशी ताडून पाहता 2015 ते 2024 हे दशक ब्रिटनमध्ये सुमारे सव्वा अंशाने अधिक उष्ण गेले. सव्वा अंश! उन्हाळ्यात आपणांस तो जाणवणारही नाही. पण ज्या देशात एका अंशावर हिम की पाऊस हे ठरते, तेथे सव्वा अंश म्हणजे सीमारेषाच डोंगरावर चढून गेल्यासारखे आहे. कडाक्याची थंडी अजूनही येते. 2018 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून ती आलीच होती. पण 'कदाचित' म्हणण्याजोग्या रात्री कमी होत आहेत. आजोबांच्या वहीत 'ओले हिम' या शब्दांच्या जागी 'पाऊस' हा शब्द अधिकाधिक वेळा येतो, असे माझा विद्यार्थी सांगतो.

आपणांस वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? हवेचा संबंध फार दूरवर पोचतो. भारतीय हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 साली असे मांडले की हिमालयात हिम अधिक पडले की पुढचा पावसाळा ओढ धरतो. 1886 पासून मोसमी पावसाचे जे अंदाज देण्यात येऊ लागले, त्यांना या विचाराचा आधार होता. पुढील संशोधनात हा संबंध वाटला तितका सरळ नाही असे दिसून आले. पण आपल्या पावसाचा पहिला अंदाज हिमाकडे पाहून बांधला गेला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. आणि वाट पाहणे आपणांस कोठे नवे आहे? रोहिणी कोरड्या गेल्या, मृग लागला, पश्चिमेला ढग जमले, आता पडेल, नाही पडला, हे आपला शेतकरी दरवर्षी अनुभवतो. त्यांच्या वाट पाहण्यात हौस आहे आणि आपल्या वाट पाहण्यात वर्षाची भाकरी आहे, एवढे अंतर खरे. म्हणून तर आपण अधिक काटेकोर वही ठेवावयास हवी.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी त्या मुलाला, आता तो नववीत आहे, वर्गाबाहेर बोलावून सांगितले की त्या वेळी मी दिलेले उत्तर चूक होते. तिकडेही नाताळला बर्फ पडतोच असे नाही. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग सर, कापूस लावायचा की नाही?" मी म्हणालो, "लाव. तेही लावतात." मग शाळेच्या कोठारातील जुना पर्जन्यमापक आम्ही दोघांनी धुऊन पटांगणात बसविला. पावसाळ्यातील रोजचा आकडा तो वहीत लिहितो, आणि ज्या दिवशी आभाळ भरून येऊनही थेंब पडत नाही, त्या दिवशी शून्य लिहावयास विसरत नाही.