खुर्च्यांनी अडवलेला खर्ज



मैफल संपली की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “गाणं छान झालं, पण आवाज भरीव वाटला नाही.” मग दोष जातो गवयाला, नाहीतर तबलजीच्या डग्ग्याला. ज्या खुर्चीवर बसून ऐकलं, तिचं नाव कुणी घेत नाही. मी आज तिचंच नाव घेणार आहे, आणि पुन्हा पुन्हा घेणार आहे.

1962 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये फिलहार्मोनिक हॉल उघडला. ध्वनिरचना लिओ बेरानेक यांची, म्हणजे या विषयातल्या मोठ्या अधिकाऱ्याची. तरी तक्रार सुरू झाली, की चेलो आणि डबल बास वाजताना दिसतात, पण पुरेसे ऐकू येत नाहीत. 1964 मध्ये दोन गटांनी आपापली मोजमापं छापली. एक शुल्ट्झ आणि वॉटर्स यांचा, दुसरा बेल प्रयोगशाळेतल्या सेसलर आणि वेस्ट यांचा. रांगांना घासत जाणारा थेट आवाज सेकंदाला 150 कंपनांच्या आसपास 10 ते 20 डेसिबलनं खचतो, असं दिसलं.

का खचतो? नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, ते आठवा. प्रत्येक घागरीचा आपला एक सूर. तो लागला की ती घुमते, एरवी दाद देत नाही. दोन रांगांमधली जागा ही अशीच तोंड उघडी घागर समजा. खुर्चीची पाठ दोन फूट उंच असेल, तर चौपट, म्हणजे आठ फुटांच्या लाटेला ती घुमणार. फक्त ही घागर सूर वाढवत नाही. घेतलेला सूर उलटा करून परत देते, आणि वरून जाणारा मूळ सूर त्यात कापला जातो. एका घागरीनं काय होतंय? पण इथे वीस-पंचवीस ओळीनं मांडल्यात!

पाठीची उंची, रांगांमधलं अंतर, बुडाखालची फट यांप्रमाणे आवाजातला हा खड्डा 100 ते 200 कंपनांच्या दरम्यान सरकतो. आणि काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाचा मधला षड्ज असतो 139 च्या जवळ. म्हणजे घागर कुठे घुमते बघा!

आता व्यवस्थापक म्हणतील, गाद्या बदलू, गालिचा घालू. अहो, घागरीला फडकं गुंडाळलं म्हणून ती घुमायची थांबते का? आठ फुटांच्या लाटेला दोन इंचांची गादी काय करणार? हॉल भरलेला असो की रिकामा, खड्डा राहतोच. पुन्हा सांगतो, कारण हेच विसरलं जातं : दोष माणसांचा नाही, रांगांचा आहे.

मग नावाजलेली सभागृहं चांगली का वाटतात? खड्डा तिथेही असतो. पण थेट आवाजामागोमाग छताकडून येणारा आवाज खुर्च्यांना घासत येत नाही, वरून उतरतो. खर्ज शाबूत असतो, आणि कान दोन्हींची बेरीज करतो. न्यूयॉर्कला छताखाली टांगलेले फलक लहान होते. ते उंच सूर परतवत, लांब लाटा मात्र त्यांना वळसा घालून निघून जात. शेवटी 1976 मध्ये सिरिल हॅरिस यांच्या सल्ल्यानं तो हॉल आतून पाडून नव्यानं बांधला. याच हॅरिस यांनी वास्तुकार फिलिप जॉन्सन यांच्याबरोबर मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर घडवलं. ते 1980 मध्ये उघडलं, बिनमाईकचं गाणं ऐकता यावं म्हणून.

आणि आपण? छताला पातळ फॉल्स सीलिंग लावतो. ते स्वतःच थरथरतं आणि उरलासुरला खर्ज खातं.

माईक असला तरी सुटका नाही. कर्णे मंचाच्या काठावर, खुर्च्यांच्या पातळीला ठेवले, की पुन्हा त्याच घागरी. बासचं बटण पिळण्याआधी कर्णे उंच टांगून बघा.

बाल्कनीबद्दल बोलायचं होतं. पुढची रांग बरी, पण बाल्कनीच्या पोटाखाली बसणाऱ्यांना छताचा आवाजच... असो, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली.

एवढंच लक्षात ठेवा : खर्ज खुर्च्यांवर हरवतो, तो छतानं परत द्यायचा असतो. तुमच्या गावात नव्या नाट्यगृहाचा नकाशा लागला, तर खुर्च्यांच्या कापडाचा रंग विचारू नका. छत कशाचं आहे, ते विचारा.